लाकडी लो-बेड: मान सुटी की पक्की?

पोकलेन वाहणारा लो-बेड, म्हणजे मधे खोलगट असलेला बुटका ट्रेलर, लाकडी खेळणं म्हणून करायला घेतला की केबिन जमते, चाकं जमतात; अडतं ते मानेपाशी. ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवरच्या जोडथाळीवर, म्हणजे फिफ्थ व्हीलवर, टेकणारा तो वाकडा भाग, गूजनेक, सुटा ठेवायचा की डेकला, म्हणजे मशिन ठेवायच्या फळीला, कायमचा जोडायचा? मी दोन्ही केले, १:१६ मापात.

खऱ्या गाडीत सुट्या मानेचा थाट वेगळाच. मान सुटते, ट्रॅक्टर (शेतातला नव्हे, ट्रेलर ओढणारी गाडी) ती घेऊन पुढे जातो, डेकचं तोंड जमिनीला टेकतं आणि मशिन समोरून सरळ वर चढतं. पक्क्या मानेत मागून रॅम्प लावा, चाकांवरच्या उंचवट्यावरून न्या, मग खोलगट भागात उतरवा. साहजिकच मी आधी सुटी केली.

मग जुलै आला. मान अडकवणारी १० मिमीची लाकडी खुंटी मे महिन्यात अलगद सरकायची, ती फुगून बसली. पुतण्याने ओढली, मी ओढली, शेवटी पकडीने उपटली तर निम्मी आतच राहिली. नवी घालून मेण चोळलं, आठवडाभर चाललं. तासून बारीक केली, तर दिवाळीनंतर सांधा ढिला आणि डेकचं पोट फरशीला घासायला लागलं. खरा डेक जमिनीपासून १८ ते २४ इंच उंच, म्हणजे आपल्या खेळण्यात जेमतेम २९ ते ३८ मिमी. त्यातून प्लायची जाडी वजा करा. लाकूड रेषांना आडवं फुगतं, त्यामुळे गोल खुंटी गोल राहतच नाही. स्टीलच्या बोल्टने हे दुखणं कदाचित जाईल. चुंबक मात्र लहान मुलाच्या खेळण्यात नको, पोटात गेलं तर आतड्यावर बेततं.

किंगपिनचं, म्हणजे मानेखालून फिफ्थ व्हीलमध्ये अडकणाऱ्या खुंटीचं, दोन्ही प्रकारांत सारखंच. खरी साधारण ५० मिमीची, मापाने ३ मिमी येते आणि संध्याकाळपर्यंत मोडते. सरळ १० मिमीची घाला, माप गेलं खड्ड्यात.

कपाटात ठेवायला करत असाल तर सुटी मान करा, बघणारा खूश होतो. पण आमच्या पुतण्याने मशिन एकदाही समोरून चढवलं नाही. उचलतो आणि मधोमध ठेवतो. पक्क्या मानेची गाडी सध्या दुसरा पावसाळा काढतेय. तिच्या रॅम्पची एक फळी कधीच हरवली, अजून कुणी विचारलेली नाही.