मोझेलची रीझलिंग आणि नौपाड्यातले स्वयंपाकघर : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टहून आलेल्या माझ्या भाच्याने "मामी, तुझ्या कोलंबीच्या खिचडीबरोबर ही पिऊन बघ" असे म्हणत रीझलिंगच्या, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षापासून केलेल्या पांढऱ्या वाइनच्या, दोन बाटल्या ओट्यावर ठेवल्या. तेव्हापासून या आषाढापर्यंत आमच्या ठाण्यातल्या घरी एकाच वाइनरीच्या अकरा बाटल्या उघडल्या गेल्या. त्यांतल्या काही भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी येताजाता आणल्या, तर काही आम्ही मुंबईतून विकत घेतल्या. पहिल्या दोन बाटल्यांवरून मी मत दिले असते तर ते आज मागे घ्यावे लागले असते, म्हणून उशिरा, पण पुरेसे जेवून झाल्यावर लिहीत आहे.

ही वाइनरी जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यातली, बेर्नकास्टेल गावाजवळची असून तिचे नाव डॉ. लोझन आहे. (लेबलावरचे स्पेलिंग वाचून आम्ही तिला कितीतरी दिवस ‘लूसन’ म्हणत होतो.) दोनशेहून अधिक वर्षे एकाच कुटुंबाकडे असलेल्या या मळ्यांचा कारभार १९८८ मध्ये अर्न्स्ट लोझन यांच्याकडे आला. त्यांचे शिक्षण पुरातत्त्वशास्त्राचे आहे. हे मळे नदीकाठच्या अतिशय तीव्र उतारांवर असून तिथे मातीपेक्षा पाटीच्या दगडाचे चिपे अधिक असतात. दिवसभर तापलेला तो दगड रात्री वेलीला ऊब देतो, आणि अशा जमिनीत मुळे खाणारी फिलॉक्सेरा ही कीड टिकत नसल्यामुळे इथल्या पुष्कळ जुन्या वेली आजही कलमाविना स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. नाशिकला द्राक्षबाग पाहिलेल्या माणसाला हे विशेष वाटेल, कारण आपल्याकडे डॉगरीजसारख्या खुंटावर कलम केल्याखेरीज कुणी सहसा बाग लावत नाही.

मोझेलचे हे खोरे सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर ठाणे १९ अंशांवर. थंडीचा वाइनशी संबंध असा की द्राक्ष पिकताना त्यातली साखर वाढत जाते आणि आम्ल घटत जाते, आणि हवा जितकी उष्ण तितके हे आम्ल, विशेषतः मॅलिक आम्ल, लवकर खर्ची पडते. मोझेलला द्राक्षे ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहतात, रात्री गार असतात, म्हणून फळाला वास आणि चव येऊनही आंबटपणा शाबूत राहतो. हा आंबटपणा इतका धारदार असतो की थोडी साखर राखल्याखेरीज तो पुष्कळांना सोसणार नाही. त्यासाठी रस आंबत असताना तो मध्येच थंड करून किण्वन थांबवतात, त्यामुळे साखर उरते आणि अल्कोहोल कमी राहते. नाशिकच्या बहुतेक पांढऱ्या वाइनमध्ये ते १२-१३ टक्के असते, तर आम्ही सर्वांत जास्त घेतलेल्या ‘डॉ. एल’ या साध्या बाटलीवर ८.५ टक्के लिहिलेले आहे.

हे तांत्रिक वाटेल, पण आमच्या ताटाशी त्याचा थेट संबंध आहे. मिरचीतला जो घटक जिभेला जाळतो, त्याची धग अल्कोहोलने वाढते आणि साखरेने शमते. आजवर तिखट जेवणाबरोबर जी वाइन मला नकोशी वाटली, ती वाइन वाईट होती असे नाही, ती कडक होती. लाल वाइनचे दुखणे आणखी वेगळे, कारण तिच्यातले टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारे तुरट द्रव्य) आमसुलाच्या रश्श्यापुढे अधिकच तुरट लागते आणि मासळीबरोबर तोंडात तांब्याचे नाणे ठेवल्यासारखी चव येते.

लेबल वाचायला आम्हाला तीन बाटल्या लागल्या. काबिनेट (मंत्रिमंडळाशी काही संबंध नाही), श्पेटलेझ आणि आउसलेझ या चढत्या पायऱ्या द्राक्ष तोडतेवेळी त्यात किती साखर होती ते सांगतात, बाटलीत किती उरली ते सांगत नाहीत. मात्र ‘ट्रॉकन’ असा शब्द असेल तर वाइन कोरडी, म्हणजे जिभेला गोड न लागणारी, हे नक्की. हे ठाऊक नसल्याने माझ्या यजमानांनी एकदा गोड समजून कोरडी आणि पाहुण्यांसमोर कोरडी समजून गोड उघडली. गोडीविषयी आमच्या ओळखीच्या वाइनप्रेमी मंडळींमध्ये एक प्रकारचा संकोच आहे, की गोड वाइन म्हणजे नवशिक्यांची. चिंच-गुळाची आमटी जेवून मोठे झालेल्यांनी असे म्हणावे याची मला गंमत वाटते. आमटीत गूळ घालतो तो आमटी गोड व्हावी म्हणून घालत नाही, तो चिंचेला धरून ठेवतो. काबिनेटमधली साखर नेमके हेच काम करते. योगायोग असा की चिंचेतले मुख्य आम्ल टार्टरिक असते आणि द्राक्षातलेही तेच.

आता ताटाकडे वळते. आमचे घर सीकेपी, स्वयंपाक अजून सासूबाईंच्या देखरेखीखाली चालतो. कोलंबीच्या खिचडीबरोबर भाच्याने आणलेली काबिनेट उघडली, तिचा मळा युर्त्सिग गावचा, नाव व्यूर्त्सगार्टन, म्हणजे अक्षरशः ‘मसाल्याची बाग’. तिथली जमीन तांबडी, ज्वालामुखीजन्य आहे, आणि वाइनला सुंठ-जायफळाच्या जवळ जाणारा काहीसा मसालेदार गंध येतो. खिचडीतले ओले खोबरे आणि कोलंबीची स्वतःची गोडी वाइनच्या गोडीशी जुळली, आणि प्रत्येक घोटानंतर तूप-नारळाचा थर जिभेवरून पुसला जाऊन पुढचा घास पहिल्यासारखा लागला. खिचडीवर लिंबू पिळायची मला सवय आहे, त्या दिवशी लिंबाची फोड ताटात तशीच राहिली.

वालाच्या बिरड्याची जोडी मात्र मी कल्पनेतही केली नसती. कडव्या वालांची ती शेवटी राहणारी किंचित कडसर चव बहुतेक वाइनना बिघडवते, कारण तुरटपणावर कडवटपणा चढतो. या वाइनमध्ये टॅनिन जवळपास नाही आणि गोडी आहे, त्यामुळे कडवटपणा मागे सरला आणि वालाचा गर तेवढा पुढे आला. बिरड्यात आम्ही आमसूल आणि गूळ दोन्ही घालतो. ज्यांच्याकडे गूळ घालत नाहीत त्यांना वाइन थोडी जास्त गोड लागेल. माझ्या लेखी नऊ महिन्यांतली ही सर्वांत चांगली जोडी आहे, खिचडीपेक्षाही. तिच्या खालोखाल अळूवडी.

कोरड्या रीझलिंगसाठी, आम्ही ‘रेड स्लेट’ नावाची घेतली, ती साधारण १२ टक्क्यांची आहे, तळणीचे पदार्थ हवेत. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूने आणलेले ताजे बोंबील पाट्याखाली दाबून, पाणी काढून, तांदळाच्या पिठात कुरकुरीत तळले, तेव्हा ही बाटली खऱ्या अर्थाने समजली. बोंबलाचा आतला गर लोण्यासारखा असतो, त्याला काहीतरी धारदार लागते. खमंग काकडी, कोथिंबीर वडी आणि साबुदाणा वडा (अर्थात उपास नसताना) यांच्याबरोबरही ती उत्तम जाते. सोड्याच्या खिचडीपुढे मात्र तिने हात टेकले. सुक्या सोड्यांचा उग्रपणा वाइनमध्ये उतरून घोट खारट आणि कसनुसा झाला. गोड काबिनेटने थोडे सावरले, पण सोड्यांबरोबर पाणीच बरे. भरल्या पापलेटाच्या हिरव्या चटणीत मिरच्या चारापेक्षा अधिक असतील तर कोरडी बाटली उघडू नये.

मिसळीचा प्रयोग सर्वांच्या आग्रहाखातर झाला. मामलेदारची मिसळ घरी बांधून आणली आणि ‘डॉ. एल’ अगदी थंडगार करून घेतली. ठाणेकरांना त्या कटाविषयी वेगळे सांगायला नको. पहिले दोन घोट खरोखर आराम देतात, तिसऱ्यानंतर मात्र चव कळेनाशी होते आणि आपण महागडे लिंबू सरबत पितो आहोत असे वाटू लागते. यजमान अजूनही या जोडीची बाजू घेतात. मी ताक घेतले.

सोलकढी आणि ही वाइन एका ताटात नकोत, कारण दोन आंबट गोष्टी एकमेकींना पातळ करतात. गोडाच्या पदार्थांचा नियम कडक आहे : वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. श्रीखंडाबरोबर काबिनेट नुसती आंबट लागली, पुरणपोळीबरोबर तर व्हिनेगरकडे झुकली, आणि हापूसपुढे कुठल्याच बाटलीने तोंड उघडू नये. अपवाद निनाव्याचा. गूळ, नारळाचे दूध आणि बेसन खमंग भाजून केलेली ही वडी आमच्याकडे श्रावणातच व्हायची, पण आउसलेझची अर्धी बाटली हाती आल्यामुळे सासूबाईंनी ती फाल्गुनात केली. मधाची, सुक्या जर्दाळूची चव असलेली ती वाइन आणि भाजलेल्या बेसनाचा खमंगपणा यांचे इतके जमले की ३७५ मिलिलिटर चौघांत पुरले नाही.

सासूबाई वाइन घेत नाहीत, फक्त वास घेतात. जानेवारीत भाच्याच्या मित्राने दिलेली बरीच जुनी श्पेटलेझ उघडली, तेव्हा त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अगं, हिला रॉकेलचा वास येतोय. वातीचा स्टोव्ह विझवल्यावर यायचा तसा." आम्ही बाटली खराब निघाली असे समजून बाजूला ठेवली आणि भाच्याला फोन केला, तर तो हसत सुटला. जुन्या होत जाणाऱ्या रीझलिंगमध्ये टीडीएन नावाचे एक संयुग तयार होते आणि त्याला हाच वास असतो. जाणकार त्याला पेट्रोल म्हणतात आणि तो आवडीने शोधतात. तास-दीड तासाने बाजूला ठेवलेला ग्लास पुन्हा घेतला, तेव्हा रॉकेलमागे संत्र्याची साल आणि मध उभे होते. ज्यांच्या बालपणी घरात स्टोव्ह होता त्यांना हा गंध परका वाटणार नाही. माझ्या मुलीला मात्र तो अजिबात सोसत नाही.

दुसरा गैरसमज स्फटिकांचा. फ्रिजमध्ये तीन आठवडे राहिलेल्या बाटलीच्या तळाशी चमकणारे कण दिसले आणि काच फुटली असे वाटून आम्ही अख्खी बाटली मोरीत ओतायला निघालो होतो. मी एक कण बोटावर घेऊन दाताखाली धरला, तो कुरकुरला आणि आंबट लागला. थंडीने टार्टरिक आम्लाचे क्षार असे खाली बसतात, ते निरुपद्रवी असतात, आणि केकसाठी मिळणारे क्रीम ऑफ टार्टर हाच पदार्थ शुद्ध करून बनवलेला असतो. शेवटचे दोन बोटे पेय बाटलीतच सोडायचे, एवढेच.

खरी तक्रार मे महिन्यातली आहे आणि ती वाइनरीविषयी नाही. मुंबईतल्या एका दुकानातून घेतलेल्या बुचाच्या बाटलीचे बूच तोंडापासून दोन-तीन मिलिमीटर वर आलेले होते आणि कडेला चिकट ओघळ वाळलेला होता. दुकानाला वातानुकूलन होते, पण माल वरच्या माळ्यावर, पत्र्याखाली ठेवलेला होता, हे नंतर कळले. वाइनला शिजवलेल्या सफरचंदाची चव आली होती. दुकानदाराने "आयात मालाची बदली होत नाही" असे सांगून विषय संपवला. आता मी एप्रिल ते जून खरेदी करत नाही, बाटली उभी धरून बूच आणि आतल्या पातळीकडे पाहते, आणि शक्यतो फिरकीच्या झाकणाची घेते. ‘डॉ. एल’ला तसेच झाकण असते.

घरी आमच्याकडे वाइनचे कपाट नाही. बाटल्या साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडव्या राहतात आणि जेवणाआधी दहा मिनिटे बाहेर येतात, एवढ्याने ८-१० अंशांचे तापमान साधते. ठाण्याच्या मे महिन्यात दहा मिनिटेही जास्त होतात, तेव्हा ग्लास अर्ध्याहून कमी भरायचा आणि बाटली परत आत ठेवायची. उघडलेली बाटली झाकण लावून पाचव्या दिवशीही चांगली लागली, हे मला नाशिकच्या पांढऱ्या वाइनच्या बाबतीत साधलेले नाही. आंबटपणा आणि साखर दोघी मिळून तिला राखत असाव्यात. बिरड्याच्या दिवशी उघडलेली बाटली गुरुवारच्या वरणभातापर्यंत पुरते, आणि लिंबू पिळलेल्या साध्या वरणाबरोबरही ती शोभते.

किमतीविषयी स्पष्ट सांगायचे तर ही रोजची वाइन होऊ शकत नाही. आयात वाइनवरचे एकूण सीमाशुल्क बरीच वर्षे १५० टक्के राहिले, त्यावर राज्याचे कर, त्यामुळे तिकडे सहज घेण्याजोगी बाटली इथे नाशिकच्या चांगल्या बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पडते. साध्या ‘डॉ. एल’साठी मी तेवढे वर्षातून चार-पाच वेळा देईन. ‘रेड स्लेट’साठी देणार नाही, कारण तळलेल्या मासळीबरोबर नाशिकची कोरडी शेनिन ब्लां ही पांढरी वाइन तिच्या फार मागे नाही. काबिनेटला मात्र इथे पर्याय सापडलेला नाही.

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. भाचा दिवाळीला येतो आहे. त्याला व्यूर्त्सगार्टनच्या काबिनेटच्या दोन बाटल्या सांगितल्या आहेत, त्यांचे दीड लिटर झाले. उरलेल्या अर्ध्या लिटरात आउसलेझची अर्धी बाटली बसते हा हिशेब सासूबाईंनी केला, आणि निनाव्यासाठी बेसन जाडसर दळून आणायला मला आत्ताच सांगून ठेवले आहे.