शिबिर चांगलं, मॅट घेऊ नका (सहा महिन्यांनंतर)

काल कॉटखालून परत मूठभर निळा चुरा निघाला, म्हणून लिहायला बसलो.

मे महिन्यात तिसरीतल्या लेकीला पंधरा दिवसांच्या शिबिराला घातलं होतं. योगा, वारली, शाडूकाम, लाठीकाठी, सगळं एकाच पत्रकात. फी अडीच हजार, साहित्याचे सहाशे वेगळे. तिथवर ठीक. पहिल्या दिवशी दारातच सांगितलं, योगा मॅट आमच्याकडूनच घ्यायची, साडेचारशे रुपये. घरात चांगलं धनगरी घोंगडं आहे म्हटलं, तर बाई हसल्या. "सगळ्यांची एकसारखी दिसायला पाहिजे ना सर, फोटोत."

फोटोसाठी साडेचारशे. जूनपासून मॅटच्या कडा सुटायला लागल्या. पोरीच्या केसांत चुरा, गादीवर चुरा, एकदा आमटीत. जुलैत मॅट घेऊन गेलो तर "वापर जास्त झाला असंल" म्हणाले. अहो, योगाची मॅट आहे, शोकेसमधली बाहुली नव्हे! बदलून मिळाली नाही. "पुढच्या शिबिराला बघू" एवढंच.

बाकीचं पटापट सांगतो. सूर्यनमस्काराच्या बाराही स्थिती नीट बसल्यात, पण योगाचा तास नाश्त्यानंतर होता. पोटात उप्पीट घेऊन पुढे वाकायचं म्हणजे काय ते पोरांना विचारा. लाठीकाठी दोनच दिवस. कोल्हापुरात मर्दानी खेळ दोन दिवसांत उरकायचा, ह्याला काय म्हणायचं? एक दिवस चप्पल करणारे मामा आले होते, चामड्याची वेणी कशी घालतात ते दाखवायला. 2019 ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्यात आपले चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत, हे भाषण मात्र दुसऱ्याच कुणीतरी ठोकलं. मामा आपले खाली मान घालून वेणी घालत होते. पोरं त्यांच्याच हाताकडं बघत होती म्हणे.

जूनच्या सुरुवातीला हे लिहिलं असतं तर दोन स्टार देऊन मोकळा झालो असतो. मग बेंदूर आला.

दरवर्षी कुंभार गल्लीतून मातीची बैलजोडी आणतो. ह्या वेळी लेक म्हणाली, मी करते. साहित्याच्या पैशातला शाडू उरलेला होता (तो मी मागून घेतला होता, सोडतोय होय). तिनं बैलाचं अंग केलं, शिंगं वेगळी वळली. मला वाटलं, नुसती दाबून चिकटवणार. तर तिनं काडीनं दोन्हीकडं रेघोट्या मारल्या, मधे पातळ चिखल लावला आणि मग शिंग बसवलं. "नुसतं दाबलं की वाळल्यावर गळून पडतं, पप्पा."

मी शहाणपणा करून एक बैल गच्चीवर उन्हात ठेवला. दुपारपर्यंत पायाला उभी चीर! तिनं कपाळाला हात लावला. "सावलीत वाळवायचा असतो." दुसरा जिन्याखाली ठेवला, तो तीन दिवसांत खडखडीत वाळला. पहिल्याला पुन्हा पाय केला. आईनं दोघांना हळदकुंकू लावलं, पोळीचा नैवेद्य दाखवला आणि गल्लीभर सांगत फिरली, "माझ्या नातीनं केल्यात." शाडू शिकवणाऱ्या त्या पोरसवदा सरांना माझ्याकडनं शंभर मार्क.

सूर्यनमस्कार अजून चालू आहेत, घोंगड्यावर. मॅटचे दोन तुकडे करून एक मिक्सरखाली घातलाय, तिथंही चुरा पडतोयच.

परवा पुढच्या उन्हाळ्याचा मेसेज आला, आत्ता पैसे भरले तर दोनशे कमी. भरले. सोबत लिहून कळवलंय की मॅट घेणार नाही, घोंगडं आणणार. निळ्या टिका पडल्यात, उत्तर नाही.