नव्या बॉक्समधली जुनी प्लंज सॉ

पुण्यातल्या एका दुकानानं वापरलेली प्लंज सॉ, म्हणजे रेलवर सरकवत चालवायची विजेची करवत, नवी म्हणून माझ्या गळ्यात मारली. रेलसकट सत्तर हजारांच्या पुढची वस्तू. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, त्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही. मशीनच्या कंपनीचंही लिहीत नाही, कारण तिची यात काही चूक नाही. पण हे कसं केलं जातं ते सांगायलाच हवं. महागडी मशिनं घेणारे सुतार आणि हौशी लोक आता गावोगाव झालेत, आणि अशी मशिनं ठेवणारी दुकानं मात्र अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

सांगलीत माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. अख्खे बोर्ड कापायची मोठी पॅनल सॉ बसवायला जागा नाही, म्हणून आठ बाय चारचा प्लाय सरळ कापायला रेलवर चालणारी प्लंज सॉ घ्यायचं ठरलं. साध्या सर्क्युलर सॉनं सनमायका लावलेला बोर्ड कापला की कड फुटते, मग पट्टी मारून झाकाझाकी करावी लागते. चांगल्या प्लंज सॉनं कापलेल्या कडेवर बोट फिरवलं तर काही लागत नाही. पैसे मोजायचे ते त्यासाठीच.

दुकान दिसायला झकास. काचेच्या कपाटात मशिनं मांडलेली, भिंतीवर फ्रेममध्ये कंपनीचं प्रमाणपत्र, बाहेर 'अधिकृत विक्रेते' असा बोर्ड. मालक बोलायला गोड. "शेठ, डोळे झाकून घेऊन जा, काही झालं तर आम्ही बसलोय ना इथं." किंमत इतर ठिकाणांपेक्षा थोडीच कमी सांगितली, आणि खरी हुशारी तिथंच होती. निम्म्या भावात कुणी दिली असती तर कुणालाही वास आला असता. सात-आठ टक्के कमी म्हटलं की वाटतं, दुकानदारानं आपल्या मार्जिनमधले सोडले असतील.

प्रमाणपत्र खोटं नव्हतं. नंतर कंपनीच्या कार्यालयात विचारलं तेव्हा कळलं की हे दुकान त्यांच्या ब्लेड, सँडिंग पेपर, बिट अशा ॲक्सेसरीजचं विक्रेतं आहे, मशीनचं नाही. फ्रेममधल्या कागदावर तसं छापलेलंही होतं, पण ती फ्रेम लावली होती काउंटरच्या मागे, छताला टेकेल इतक्या उंचीवर. तिथलं बारीक अक्षर गिऱ्हाइकाला वाचता येणार नाही, एवढी काळजी घेतलेली होती.

पैसे देताना क्यूआर कोड दाखवला आणि लगेच म्हणाला, "सकाळपासून करंट अकाउंटचा चालत नाहीये, भावाच्या नंबरवर टाका, बिल दुकानाचंच देतो." बिल दिलंही, जीएसटी नंबर घातलेलं. वर्णनाच्या रकान्यात एवढंच : 'पॉवर टूल, १ नग'. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही. तळाशी नेहमीचा शिक्का, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'.

भांडं फुटलं ते रेलच्या काळ्या पट्टीमुळे. ज्यांनी प्लंज सॉ वापरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ॲल्युमिनियमच्या रेलच्या कापायच्या बाजूला रबरासारखी एक पट्टी चिकटवलेली असते. कोऱ्या रेलवर ही पट्टी ब्लेडच्या रेषेच्या थोडी बाहेर आलेली असते. तुमची सॉ रेलवर ठेवून पहिला कट माराल तेव्हा ब्लेड ती जास्तीची पट्टी कापून टाकतं, आणि रबराची बारीक दोरी खाली पडते. त्यानंतर पट्टीची कड म्हणजेच तुमच्या ब्लेडची नेमकी रेष. रेल पेन्सिलच्या खुणेला लावायची आणि कापायचं, हिशोब करावा लागत नाही. पट्टी सनमायका दाबून धरते, म्हणून कड फुटत नाही. पण ही पट्टी ज्या सॉनं कापली त्याच सॉला जुळते. दुसऱ्या सॉच्या ब्लेडची रेष केसभर इकडे-तिकडे असते.

आमच्या मिस्त्रींनी पांढऱ्या सनमायकाच्या बोर्डवर पहिला कट मारला. दोरी पडलीच नाही. पट्टीची कड आधीच ब्लेडनं कापल्यासारखी स्वच्छ होती, आणि ब्लेड तिच्यापासून जवळजवळ मिलिमीटरभर लांबून चाललं होतं. कापलेली कड करवतीच्या दातांसारखी फुटलेली. मिस्त्री रेल उलटी करून बघत म्हणाले, "आण्णा, ही पट्टी कुणीतरी आधीच कापल्याली हाय. आनि ह्या मशीननं न्हाई कापल्याली."

मग मशीन नीट बघितलं. बाहेरून पुसून चकचकीत केलेलं. पण ब्लेड किती खोल जाईल ते ठरवायच्या पट्टीच्या खाचेत, जिथं फडकं पोचत नाही, तिथं एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डाचा, तपकिरी भुसा तेलानं चिकटून बसला होता. मोटरला वीज पोचवणारे, वापरानं झिजणारे कार्बन बाहेरची झाकणं फिरवून काढता येतात, ते काढले. दोन्ही निम्म्याच्या खाली झिजलेले. नवे कार्बन लांब असतात आणि दोन्ही सारखे असतात. कार्बनच्या भोकातून टॉर्च मारला तर आत कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन घासतात त्या तांब्याच्या गोल भागावर, काळा पट्टा. माझ्या ओळखीचा मोटर रिवाइंडिंगवाला, म्हणजे मोटरची तार नव्यानं गुंडाळून देणारा, आहे, त्याला दाखवलं. त्यानं मशीन कानाजवळ धरून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, हातानं फिरवलं आणि म्हणाला, बेअरिंग अजून ठीक आहे, पण या मशीननं बरंच काम केलेलं आहे.

त्यानंतर सिरीयल नंबर बघितले. बॉक्सवर छापलेला एक, मशीनच्या पाटीवर दुसराच. वॉरंटीसाठी मशीनवरचा नंबर टाकला तर तो आधीच नोंदवलेला निघाला. म्हणजे कुणाच्या तरी नव्या मशीनचा बॉक्स आणि कुणाचं तरी परत आलेलं, नाहीतर डेमोला फिरवलेलं मशीन, यांची जोडी लावून टेप मारली होती.

दुकानदाराचं बोलणं कसं बदलत गेलं ते ऐकण्यासारखं आहे. पहिल्या फोनवर : "गोदामात बॉक्स बदलला असेल, काळजी करू नका, वॉरंटी आमची." दुकानाची वॉरंटी म्हणजे काय विचारलं तर, "बिघडलं की आणा, आमचा माणूस दुरुस्त करतो." कंपनीची वॉरंटी आणि दुकानातला माणूस यांच्यात किती अंतर आहे हे ज्यानं या मशीनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डची किंमत विचारली असेल त्याला ठाऊक आहे. प्रत्यक्ष भेटीत : "रेल तुम्हीच वापरून आणली नाही कशावरून?" आणि वकिलाची नोटीस गेल्यावर लेखी उत्तर आलं, की वस्तू डेमो पीस होती, गिऱ्हाइकाला तसं तोंडी सांगितलं होतं आणि म्हणूनच कमी दरात दिली. ती सात-आठ टक्के सवलत अशी कामाला आली.

त्याच उत्तरात आणखी एक मुद्दा होता, आणि तो छोट्या कारागिरांनी लक्षात ठेवावा. मशीन धंद्यासाठी, म्हणजे व्यावसायिक कारणासाठी घेतलं, म्हणून मी कायद्यानं ग्राहकच नाही, असं त्यांचं म्हणणं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं. पण त्याच व्याख्येखाली स्पष्टीकरण आहे : स्वयंरोजगार करून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेऊन वापरली तर ती व्यावसायिक कारणात धरत नाहीत. सुतार, शिंपी, वेल्डर, पिठाच्या गिरणीवाला, सगळ्यांना हे लागू पडू शकतं. 'माल परत घेणार नाही' हा शिक्काही वाटतो तेवढा भारी नाही. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही, आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे ती करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी. काही दुकानदार तेवढ्यानंच वळणावर येतात. माझा आला नाही.

दुकानदार पारखायचा कसा, हे मला वेगवेगळे लोक विचारतात. आता मी बोर्ड, प्रमाणपत्र, काचेची कपाटं यातलं काही बघत नाही. बॉक्स काउंटरवर ठेवायला लावतो आणि आधी स्टिकर शोधतो. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, कुठल्या देशात बनला ते आणि तक्रारीसाठीचा नंबर छापणं वजन-मापाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. महागडी मशिनं बहुतेक परदेशातूनच येतात, त्यामुळे हा स्टिकर नसेल तर माल अधिकृत वाटेनं आलेला नाही असं मी धरतो. कुणाच्या तरी बॅगेतून, नाहीतर परदेशातल्या जुन्या मालाच्या लिलावातून आलेल्या मशीनला इथं कंपनी वॉरंटी देईलच असं नाही.

व्होल्टेजची पाटीही तेव्हाच वाचून घ्यावी. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं असतं. इंग्लंडमध्ये बांधकामाच्या साइटवर ११० व्होल्टची मशिनं चालतात, त्यांना पिवळा गोल प्लग असतो. आपल्याकडे आणून तो प्लग कापतात आणि साधा तीन पिनचा जोडतात. माझ्या एका मित्राला कुणीतरी असा राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं मशीन, विकला, वर ट्रान्सफॉर्मर 'फ्री'. त्याच्या पोरानं एक दिवस ट्रान्सफॉर्मर न लावता थेट भिंतीत प्लग घातला आणि राउटरचा कारभार आटोपला. कंपनीचा प्लग वायरीसकट एकसंध ओतलेला असतो. स्क्रूनं जोडलेला प्लग नव्या मशीनवर दिसला तर तिथंच विचारा.

स्वस्तातल्या चार इंची ग्राइंडरच्या बाबतीत नकली मालाची भीती असते, बॉश आणि मकिताच्या नावानं बनावट माल विकला जातो. महागड्या मशीनमध्ये मला उलटं दिसतं. मशीन अस्सल असतं, खोटी असते ती त्याची कहाणी. म्हणून बॉक्सवरचा आणि मशीनवरचा सिरीयल नंबर जुळवायचा, दुकानात उभं राहूनच तो कंपनीच्या हेल्पलाइनवर सांगायचा, आणि पैसे देण्याआधी तोच नंबर मॉडेलसह बिलावर लिहून घ्यायचा. यात पाच-दहा मिनिटं जातात. सच्चा दुकानदार हे हसत करतो, कारण पुढे वॉरंटीत भांडण नको हे त्यालाही हवं असतं. 'एवढा विश्वास नाही का आमच्यावर' हे वाक्य आलं की मी बाहेर पडतो.

बिलावरचा जीएसटी नंबर सरकारच्या जीएसटी पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द, ते फुकट दिसतं. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पैसे त्याच नावाच्या खात्यात जायला हवेत. यूपीआयवर रक्कम टाकण्याआधी बँकेतलं नाव दिसतं, ते वाचा. भावाचं, मेव्हण्याचं, कामगाराचं खातं असेल तर नको. आयोगापुढे आता दुकानाचं म्हणणं आहे की बिलाची रक्कम दुकानाच्या खात्यात आलीच नाही आणि भावाचा व्यवहार वेगळा. हे मोडून काढायला मला बँकेचे कागद जोडावे लागले.

आणि सगळ्यात उपयोगी सल्ला मला रिवाइंडिंगवाल्यानं दिला. दुकान निवडायचं तर सर्व्हिस सेंटरमध्ये जा, आणि तिथं मशीन दुरुस्तीला घेऊन आलेल्या मिस्त्रींना विचारा की माल कुठून घेतला आणि पार्ट मिळायला किती दिवस लागले. दुसरी सॉ मी अशीच चौकशी करून मुंबईत नागदेवीला, हत्यारांच्या बाजारात, घेतली. दुकान अंधारं, बसायला स्टूलही नाही, मालकाचं बोलणं तुटक. किमतीत एक रुपया सोडला नाही. पण विचारायच्या आधी त्यानं बॉक्स फोडला, पाटीवरचा नंबर मोठ्यानं वाचला, मुलाकडून बिलावर लिहून घेतला आणि रेलच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "ही अजून कापलेली नाही, बघून घ्या. पहिला कट सावकाश मारा, आणि स्पीड कमी ठेवा."