मानेवरची निळसर सूज: आधी डॉपलर की थेट एमआरआय?

पुण्यात डॉपलर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) पेठांमधल्या लहान केंद्रांतही होते, तिचा खर्च एमआरआयपेक्षा बराच कमी येतो आणि तान्ह्या बाळाला भूल द्यावी लागत नाही. म्हणून गालावर किंवा मानेवर रक्तवाहिन्यांची जन्मजात विकृती असल्याची शंका आली की सुरुवात तिथूनच व्हावी, असे माझे मत आहे. प्रवाह वेगवान आहे की संथ, हे ती लगेच सांगते, आणि उपचारांची दिशा मुख्यतः याच उत्तरावर ठरते. (अशा प्रत्येक सुजेला सरसकट ‘हिमँजिओमा’ म्हणण्याची सवय मात्र सुटायला हवी, हिमँजिओमा ही पेशींची वाढणारी गाठ असते, विकृती नव्हे.)

सोनोग्राफीच्या लहरी हाडापलीकडे आणि हवेपलीकडे पाहू शकत नाहीत. जिभेच्या मुळाशी, घशाच्या बाजूला किंवा डोळ्याच्या खोबणीत विकृती किती खोल गेली आहे, हे एमआरआय दाखवतो. चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या टी-टू प्रतिमेत (द्रव उजळ दाखवणारा एमआरआयचा एक प्रकार) शिरांची संथ प्रवाहाची विकृती पांढरीशुभ्र दिसते आणि तिच्यातले चुन्याचे खडे काळे ठिपके म्हणून उमटतात. धमन्या थेट शिरांना जोडल्या गेलेल्या धमनी-शिरांच्या विकृतीत मात्र वेगाने वाहणारे रक्त संकेत न देताच पुढे निघून जाते, त्यामुळे वाहिन्यांच्या जागी काळ्या पोकळ्या दिसतात. लहान मुलांना या तपासणीसाठी बहुधा भूल लागते, ही पालकांची काळजी रास्तच आहे. तरीही स्क्लेरोथेरपीची (विकृत वाहिनी बंद करण्यासाठी तिच्यात औषध टोचण्याची) सुई टोचण्यापूर्वी श्वासमार्गाजवळचा विस्तार माहीत असणे मला अत्यावश्यक वाटते.