आरसिंक तीन सिस्टिमवर: काही महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. फाइलच्या आतल्या मजकुराच्या बाबतीत आरसिंकने, म्हणजे दोन संगणकांवरचे फोल्डर सारखे ठेवणाऱ्या कमांडने, मला एकदाही दगा दिलेला नाही. कटकट झाली ती सगळी फाइलचं नाव, तिची वेळ आणि परवानग्या यांवरून. लिनक्सचा सर्व्हर, एक मॅक आणि एक विंडोज लॅपटॉप, या तिघांवर एकच फोल्डर सारखा ठेवायचा, एवढंच काम. पायथनची छोटी स्क्रिप्ट यादी बनवते आणि आरसिंक चालवते. स्क्रिप्ट तिन्हीकडे तीच, वागणं मात्र तीन तऱ्हांचं.

मुळात तिन्हीकडे चालतो तो एकच प्रोग्राम नसतो. मॅकसोबत कित्येक वर्षं आरसिंकची २.६.९ ही आवृत्ती येत होती, म्हणजे २००६ सालची. २००८ मध्ये आलेल्या ३.० चा परवाना जीपीएल ३ हा मुक्त सॉफ्टवेअरचा कडक अटींचा परवाना, आणि ती मॅकमध्ये कधी आलीच नाही. अलीकडच्या मॅकओएसवर तर ओपनआरसिंक असतो, ओपनबीएसडीच्या मंडळींकडून आलेला, नव्याने लिहिलेला. आवृत्ती विचारली की तो 'प्रोटोकॉल २९, २.६.९शी सुसंगत' असं स्वतःच सांगतो. दोन वेगळ्या आवृत्त्या समोरासमोर आल्या की खालच्या प्रोटोकॉलवर जुळवून घेतात, फाइली पोचतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग एखादा नवा पर्याय दिला की तो ओळखीचा नसल्याचं सांगून कमांड बंद.

होमब्रू या मॅकवर प्रोग्राम बसवायच्या साधनाने नवी आवृत्ती टाकली की प्रश्न मिटला असं वाटतं. पण क्रॉनचा, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीचा, पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) आखूड असतो. हाताने चालवलं की नवा आरसिंक, ठरलेल्या वेळी आपोआप चाललं की जुना. तेव्हा स्क्रिप्टमध्ये आरसिंकचा पूर्ण पत्ता लिहा आणि लॉगच्या पहिल्या ओळीत आवृत्ती छापून घ्या.

आता खरा त्रास: नावं. मराठी नावं देणाऱ्यांनी हे जरा नीट वाचा. 'दुसऱ्या तिमाहीचा अहवाल' नावाची फाइल. विंडोजवरून पाठवली की सर्व्हरवर बसते. मग मॅकवरून डिलीटच्या (इकडे नसलेलं तिकडून काढून टाकणाऱ्या) पर्यायासह चालवलं की लॉगमध्ये दोन ओळी येतात: एकीत ही फाइल काढून टाकली, दुसरीत हीच फाइल नव्याने आली. नाव डोळ्यांना हुबेहूब तेच. पुन्हा विंडोजवरून चालवलं की उलटी काढघाल. दोघं भाडेकरू एकाच दारावर आपापली पाटी लावत बसावेत तसं.

कारण 'ऱ' मध्ये आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचं एक स्थान आहे, पण तो साधा 'र' आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांतही लिहिता येतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नावं सुटी करूनच साठवायची. नवी एपीएफएस दिलं तसं ठेवते, पण दोन्ही रूपं एकच मानते. लिनक्सला यातलं काही कळत नाही, त्याच्या लेखी नाव म्हणजे नुसते बाइट. जोडलेला 'ऱ' ३ बाइटचा, सुटा ६ बाइटचा, म्हणून फाइली दोन. उपाय आरसिंकमध्येच आहे: आयकॉन्व्ह हा नावांचं एन्कोडिंग बदलणारा पर्याय, मॅकच्या बाजूला 'यूटीएफ-८-मॅक' आणि लिनक्सच्या बाजूला साधा 'यूटीएफ-८'. पण तो ३.० पासूनचा आणि दोन्ही टोकांना लागतो, म्हणजे पुन्हा आवृत्तीचं भांडण.

एवढ्यावर भागत नाही. काही कीबोर्ड तीच 'दुसऱ्या' लिहिताना र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक टाकतात. हे रूप आयकॉन्व्हने सुधारत नाही, कारण युनिकोडच्या नियमांनी ते वेगळंच नाव आहे. माझी स्क्रिप्ट आता यादी बनवतानाच असा र बदलून एकसंध 'ऱ' करते.

लांबीचंही असंच. विंडोजच्या एनटीएफएसवर नावात २५५ चिन्हं चालतात, लिनक्सच्या ईएक्सटी४ वर २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास. सरकारी थाटाचं लांबलचक नाव विंडोजवर आरामात बसतं आणि सर्व्हरवर 'नाव फार लांब' म्हणून अडतं.

विंडोजवर आणखी एक शत्रू म्हणजे अपूर्णविराम, अर्थात कोलन. आरसिंक कोलनच्या आधीच्या भागाला दुसऱ्या संगणकाचं नाव समजतो. त्यामुळे 'सी:' ने सुरू होणारा पाथ आणि पलीकडे सर्व्हर दिला की दोन्ही बाजू रिमोट असू शकत नाहीत अशी तक्रार येते. सिग्विनच्या (विंडोजवर लिनक्सची साधनं चालवणाऱ्या संचाच्या) पद्धतीने पाथ लिहिला की सुटतं. फाइलच्या नावातच कोलन असेल तर मजा वेगळी. पायथनने विंडोजवर 'नोंद १०:३०' अशी फाइल लिहिली तर चूक वगैरे काही येत नाही. फोल्डरमध्ये 'नोंद १०' नावाची शून्य बाइटची फाइल दिसते आणि सगळा मजकूर तिच्या '३०' या लपलेल्या प्रवाहात (स्ट्रीम, म्हणजे त्याच फाइलला जोडलेला वेगळा कप्पा) जाऊन बसतो. एनटीएफएसची ही सोय मला आजवर फक्त गैरसोय म्हणूनच भेटली आहे.

परवानग्यांबद्दल थोडक्यात: विंडोजकडे जाताना आर्काइव्हचा (परवानग्या, मालक सगळं जपणारा) पर्याय वापरू नका, फक्त रिकर्सिव्ह (आतले फोल्डरही घेणारा) आणि टाइम्स (वेळ जपणारा) पुरे.

दोष शोधायला जे सगळ्यात कामी आलं ते आरसिंकचं आयटमाइझ, म्हणजे प्रत्येक फाइलमध्ये काय बदललं ते ओळीने सांगणारा पर्याय. एकदा चालवायचं आणि लगेच तसंच पुन्हा चालवायचं. दुसऱ्या खेपेला एकाही फाइलची ओळ यायला नको. आली तर तिच्या सुरुवातीची चिन्हं वाचायची. बाण, मग एफ, मग टिंबांमध्ये एकटा टी दिसला तर वेळेचा वाद. फॅट डिस्क वेळ २ सेकंदांच्या टप्प्यांनी साठवते, तिथे मॉडिफाय-विंडो (वेळेतला किती सेकंदांचा फरक चालवून घ्यायचा तो पर्याय) १ ठेवला की शांत होतं. नुसती अधिकची चिन्हं लागोपाठ दिसली तर फाइल नवी समजली गेली, म्हणजे नावात घोळ. एस दिसला तर आकार बदललाय, आणि मग बहुधा मध्येच कुणीतरी टेक्स्ट मोडमध्ये फाइल उघडून ओळींची टोकं बदललेली असतात. तो दोष आरसिंकचा नव्हे, आपल्या कोडचा.

विंडोजचीच बहुतेक कामं असतील तर आरक्लोन हा आरसिंकसारखाच दुसरा प्रोग्राम बघा. नावातल्या न चालणाऱ्या कोलनच्या जागी तो तसंच दिसणारं रुंद चिन्ह घालतो, त्यामुळे वरचा कोलनचा गोंधळ होत नाही. मोठ्या फाइलमधला बदललेला तेवढाच भाग पाठवण्यासाठी मी आरसिंकवरच राहिलो.

एक खोट मात्र तशीच आहे. सर्व्हरवर रोमन लिपीतली दोन नावं फक्त लहान-मोठ्या अक्षरांनी वेगळी असतील, तर नेहमीच्या मॅकवर दोन्ही एकाच फाइलवर पडतात आणि नंतरची आधीचीला गिळते. आरसिंक याची सूचना देत नाही. म्हणून स्क्रिप्ट यादीतली सगळी नावं आधी लहान अक्षरांत करून तपासते आणि जोडी सापडली की तिथेच थांबते.