बालरुग्ण कक्षाची सेवा: शुश्रूषा चोख, डिस्चार्ज कार्ड अपुरे

माझ्या 8 वर्षांच्या मुलीला फिट्ससाठी कार्बामाझेपिन सुरू करून 16 दिवस झाले होते, तेव्हा तिला ताप भरला, डोळे लाल झाले, घसा दुखू लागला आणि छातीवर जांभळट चट्टे उठले. जवळच्या दवाखान्यात गोवर असेल असे सांगून आम्हाला परत पाठवले, गोळीही चालूच ठेवायला सांगितले, आणि त्यात 2 दिवस गेले. मोठ्या रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी मात्र तिचे सोललेले ओठ पाहताच, गेल्या दोन महिन्यांत कोणते नवे औषध सुरू केले, हेच आधी विचारले. गोळी तिथल्या तिथे बंद झाली. निदान स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचे, म्हणजे बहुधा औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने कातडी सुटू लागण्याच्या आजाराचे होते. यात सुटलेली कातडी शरीराच्या 10 टक्क्यांच्या आत असते आणि ती 30 टक्क्यांच्या वर गेली की त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात.

या आजारावर हमखास असे औषध नाही, त्यामुळे कक्षाची पारख शुश्रूषेवरूनच करावी लागते. इथल्या सिस्टरांनी तिच्या अंगाला चिकटपट्टी म्हणून लागू दिली नाही; सलाइनची सुईसुद्धा मऊ बँडेज गुंडाळून बसवली. कूस बदलताना त्या तिला न ओढता दोघी मिळून अलगद उचलत, कारण जरा घासले तरी कातडी भिजल्या कागदासारखी हाताशी येत होती. नेत्रतज्ज्ञ रोज येऊन काचेच्या कांडीने पापणीची आतली बाजू मोकळी करत, नाहीतर पापणी डोळ्याला चिकटून नजरेला कायमचा धोका असतो. मुलगी त्या वेळी इतकी आकांत करी, की मी (कबूल करते) बाहेर जाऊन उभी राहत असे. पण रविवारीसुद्धा ते काम चुकले नाही.

स्वयंपाकघराचा कारभार यथातथाच. तोंडभर फोड असलेल्या मुलीला दोनदा नेहमीचे जेवण आले.

माझी खरी तक्रार डिस्चार्ज कार्डाविषयी आहे. त्यावर ‘औषधाची अ‍ॅलर्जी’ एवढेच लिहिले होते, औषधाचे नाव नव्हते. फेनिटोइन आणि फेनोबार्बिटाल यांनीही अशा मुलांना तसाच त्रास होऊ शकतो, हे आम्हाला तोंडी सांगितले होते, पण रात्री-अपरात्री फिट आली तर दुसऱ्या रुग्णालयात नेमकी हीच औषधे हाताशी असतात. मी चार दिवसांनी परत जाऊन तिन्ही नावे लाल शाईने लिहून घेतली.