सात फुटी ‘पाइक’ आणि पावतीतला एक शब्द

इंग्लंडात राहणाऱ्या एका मराठी संग्राहकाने १,४०० पौंड मोजून एक पाइक विकत घेतला. १६४०च्या दशकातल्या इंग्लिश यादवी युद्धातला, अस्सल, असं त्याला फोनवर सांगितलं होतं. घरी आलं ते बीचच्या लाकडाचं बाजारी दांडकं आणि त्याच्यावर ठोकलेलं नवंकोरं पातं. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही. फसवण्याची रीत मात्र तपशिलात सांगण्यासारखी आहे, कारण ती नेमकी याच शस्त्रावर बेतलेली आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. युरोपातला पाइक हे शस्त्र, दोघांचा संबंध नाही. हा लांब भालाच, पण फेकायचा नव्हे आणि एकट्याने लढायचाही नव्हे. १६ ते १८ फुटांचा, म्हणजे जवळजवळ दोन मजली उंचीचा दांडा आणि टोकाला वीतभर पातं. एकटा माणूस तो घेऊन उभा राहिला तर तलवारवाला दोन पावलांत टोकाच्या आत शिरतो आणि खेळ संपतो. पन्नास माणसं खांद्याला खांदा लावून, मागे रांगांवर रांगा, अशी उभी राहिली की मग पहिल्या तीन-चार रांगांची टोकं एकाच वेळी समोर येतात. त्या कुंपणात घोडा शिरत नाही. घोडदळ अंगावर आलं की पाइकवाला बूड उजव्या पायाच्या आतल्या बाजूला टेकवायचा, डाव्या हाताने दांडा तिरका धरायचा आणि उजवा हात तलवारीकडे न्यायचा. १६०७च्या डच कवायतीच्या चित्रमालेत एकट्या पाइकच्या ३२ स्थिती दाखवल्या आहेत. एवढं लांब लाकूड गर्दीत शेजाऱ्याचं डोकं न फोडता उभं-आडवं करायचं, तर ३२ काही जास्त नाहीत.

म्हणजे या शस्त्रात लांबी हाच दम. स्विस लोकांना हे १४२२ साली आर्बेदोला कळलं. त्यांच्याकडे तेव्हा हॅलबर्ड जास्त होते, म्हणजे फरशी-भाल्याचं सहा-सात फुटी हत्यार. मिलानच्या चिलखती स्वारांनी घोड्यांवरून उतरून लांब भाल्यांनी त्यांना रेटलं, आणि त्यानंतर स्विस फळ्यांत पाइक वाढत गेले. १४७६ला ग्रांसों आणि मुर्टेन इथे बर्गंडीच्या ड्यूकची फौज मोडली ती याच लांब दांड्यांनी. उलटा दाखला १५१३च्या फ्लॉडनच्या लढाईचा. ओल्या, उतरत्या जमिनीवर स्कॉटिश फळ्यांची वीण सुटली, आणि आठ फुटी ‘बिल’, म्हणजे दांड्यावर आकडेदार पातं असलेलं हत्यार, घेतलेल्या इंग्रजांनी आत शिरून दांडे तोडले, मग माणसं. दांडे असे तुटू नयेत म्हणून पात्यापासून खाली दोन बाजूंनी लोखंडी पट्ट्या बसवत. या पट्ट्या लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता मुद्द्यावर. पाच मीटरचा दांडा आज कोणी कुरियरने पाठवू शकत नाही, दिवाणखान्यात टांगू शकत नाही. पूर्ण लांबीचे दांडे फारच थोडे उरले आहेत. ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या शस्त्रागारासारख्या ठिकाणी पाहायला मिळतात, बाजारात जवळजवळ नाहीतच. संगिनी आल्यावर पाइकची गरज संपली. फ्रान्सने १७०३च्या सुमारास तो सैन्यातून काढलाच. मग चांगल्या लाकडाचे ते दांडे कापले गेले, अवजारांना लागले, किडले. त्यामुळे बाजारात अस्सल येतं ते बहुतेक नुसतं पातं, नाहीतर पातं आणि नंतर कधी बसवलेला दांडा. प्रामाणिक विक्रेता तसं लिहितो: ‘पातं १७वं शतक, दांडा नंतरचा’. भामट्याला मात्र सात फुटी वस्तू ‘पूर्ण’ म्हणून विकायची असते, आणि त्याच्याकडे तयार उत्तर असतं: “शिपाई स्वतःच दांडे कापून आखूड करायचे.”

हे खोटं नाही, म्हणूनच ते खपतं. शिपाई खरोखर कापत. रोज दहा-बारा मैल चालायचं, वाऱ्यात दांडा हेलकावे खातो, झाडीत अडकतो, मुक्कामाला आडोशात मावत नाही. अधिकारी यावर सतत कुरकुरत. ऑररीचा अर्ल रॉजर बॉईल याने १६७७ साली सगळ्यांचे पाइक एकसारखे साडेसोळा फुटांचे असावेत असं लिहिलं. पण शिपाई कापायचा ते बुडाकडचं फूट-दोन फूट. सोळा फुटांचा सात फूट करून तो रांगेत उभा राहिला असता तर त्याचं टोक पुढच्या माणसाच्या पाठीत गेलं असतं.

आणि कापलेला दांडा कापल्याचं सांगतो. चांगल्या पाइकचा दांडा सरळसोट नळीसारखा नसे, दोन्ही टोकांना निमुळता असे. बुडापासून साधारण एक-तृतीयांशावर जाड, ३५ मिलिमीटरच्या आसपास, आणि पात्याकडे २५च्या खाली उतरत जाणारा. असं नसेल तर टोक इतकं लवतं की नेम धरता येत नाही. वजनाचा हिशेबही इथेच जुळतो. सरासरी ३० मिलिमीटर व्यासाचा, १६ फुटांचा ॲशच्या लाकडाचा दांडा जेमतेम अडीच किलो भरतो. तोच सगळीकडे ३५ ठेवला तर सव्वातीन किलो, आणि तेही पातं न धरता. तेव्हा अस्सल पाइकचा वरचा सात फुटी तुकडा असेल, तर तो पात्याकडे बारीक आणि कापलेल्या टोकाकडे ठळकपणे जाड असायला हवा.

या वस्तूचा व्यास व्हर्नियरने फुटाफुटावर मोजला. पात्याखाली ३२, मध्ये ३२, बुडाला ३२. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं दांडकं.

लाकूड दुसरी गोष्ट. १६४५च्या इंग्लिश लष्करी करारांत पाइकसाठी ‘चांगला ॲश, १६ फूट’ अशी अट दिसते. क्रिकेटचे स्टंप ज्या लाकडाचे करतात, तेच हे. ॲश ओळखायला सोपा आहे. बुडाचा आडवा काप भिंगाखाली धरला की प्रत्येक वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते आणि बाजूवर त्याच छिद्रांच्या लांब खरखरीत रेघा. बीचला अशी ओळ नसते. त्याच्या अंगावर तांदळाच्या कणीएवढे तपकिरी ठिपके विखुरलेले असतात. इथे काळपट रंगाच्या खाली तेच ठिपके होते. धाग्यांची दिशाही बघावी: जुना चांगला दांडा धाग्याच्या ओघाने चिरून काढलेला, त्यामुळे रेषा टोकापासून बुडापर्यंत दांड्याबरोबर जातात. इथे दर हातभरावर रेषा कडेला येऊन बाहेर पडत होत्या. असा दांडा ताण आला की तिरका फाटतो. कुठल्याही शस्त्र-निरीक्षकाने तो तिथेच फेकला असता.

आता पट्ट्या. अस्सल पाइकवर त्या साधारण दोन फुटांच्या असतात, कारण तलवारीच्या पल्ल्यात येणारा भाग तेवढा असतो. इथे १५ सेंटिमीटरच्या. एवढ्या पट्टीने कुठलाच वार अडत नाही, ती नुसती शोभेला. एका पट्टीचे तीन रिव्हेट काळजीपूर्वक काढले तेव्हा खालून तीन स्वच्छ गोल भोकं निघाली, कडा धारदार, आत ड्रिलची सर्पिल रेघ. जुन्या पट्टीला भोक तापवून सुंब्याने पाडत, त्याला एका बाजूला किंचित ओठ उरतो आणि गोलाई कधीच नेमकी नसते. पट्टी उचलल्यावर खालचं लाकूड बाहेरच्याइतकंच काळं होतं. साडेतीनशे वर्षं लोखंडाखाली झाकलेल्या लाकडाला उजेड, धूळ, हाताचा घाम लागत नाही. तिथे रंग वेगळा हवा, कडेने गंजाचा डाग हवा. दांडा आधी रंगवला आणि पट्ट्या नंतर ठोकल्या, एवढाच याचा अर्थ. बुडाचा रंग खरवडल्यावर दोन मिलिमीटर खाली पांढरं लाकूड लागलं, पण तो एकटा पुरावा धरू नका. जुनं लाकूडही आत बरंच फिकं असतं.

पात्याची परीक्षा खोबणीत, म्हणजे दांडा जिच्यात बसतो त्या पोकळ नळीत होते, धारेवर नाही. धार घासून, खड्डे पाडून, मीठ-ॲसिडमध्ये बुडवून हवी तेवढी म्हातारी करता येते. खोबणीच्या आत हात पोचत नाही, म्हणून तिथे आळस दिसतो. जुनी खोबण म्हणजे तापलेला पत्रा गुंडाळून, कडा एकमेकींवर चढवून हातोड्याने सांधलेली. जोड दिसतो, कधी अर्धवट उघडाही असतो. इथे मोबाइलचा टॉर्च आत टाकल्यावर विजेच्या वेल्डिंगची फुगीर लाइन सरळ दिसली. बाहेरून ती ग्राइंडरने साफ केली होती, आणि ग्राइंडरच्या कमानदार समांतर रेघा गंजाखालीही ओळखू येत होत्या. गंज नारिंगी, सगळीकडे सारखा, बोटाला लागणारा. जुना गंज काळा-तपकिरी, घट्ट, जागोजागी वेगळा असतो.

शंका उरलीच, तर जाणकाराकडून खोबणीच्या आत नखाएवढी जागा घासून सौम्य नायट्रिक ॲसिडने उठवून घ्यावी. घडीव लोखंडात धातुमळीच्या लांब तंतूसारख्या रेघा दिसतात. १८५६नंतर बेसेमर पद्धतीने आलेल्या पोलादात त्या नसतात. हे घरी करू नका, आणि पैसे परत मागायचे असतील तर मुळीच करू नका, कारण वस्तूवर तुमचा हात लागला की विक्रेत्याला निमित्त मिळतं. इथे रिव्हेट काढले ते परताव्याचं दार बंद झाल्यावर. अशी नव्या पोलादाची पाती जुन्या लढाया पोशाख करून पुन्हा खेळून दाखवणाऱ्या हौशी लोकांसाठी राजरोस बनतात, भारतातही मोठ्या प्रमाणावर बनतात, आणि नवीन म्हणून विकली जातात. त्यात काही गैर नाही. गैर सुरू होतं ते ॲसिडच्या बादलीपासून.

सोबत चामडी कडांचं एक प्रमाणपत्रही होतं. त्यात ‘क्रॉमवेलच्या आयर्नसाइड्सनी नेझबीला वापरलेला’ असं छापलेलं. आयर्नसाइड्स हे यादवी युद्धातला पार्लमेंटच्या बाजूचा सेनानी क्रॉमवेल याचं घोडदळ. त्यांच्याकडे तलवार आणि पिस्तुलांची जोडी असे. नेझबीच्या लढाईत १६४५ साली पाइक होते ते पायदळात, ढोबळमानाने दोन मस्केटवाल्यांमागे एक. १,४०० पौंड वाचवायला ही एक ओळ पुरली असती. अशा कागदांत याच जातीच्या चुका सापडतात: ‘मॉर्गार्टन, १३१५’चा पाइक (त्या स्विस लढाईत गाजला तो हॅलबर्ड), नाहीतर ‘झेम्पाख, १३८६’ला लढलेला लांड्सक्नेख्ट, म्हणजे जर्मन भाडोत्री शिपाई, जे लांड्सक्नेख्ट मुळात शंभरेक वर्षांनी उभे राहिले.

जी आखूड हत्यारं खरोखर जुनी असूनही ‘पाइक’ म्हणून चढ्या भावाने विकली जातात, ती वेगळी. जहाजावरचा बोर्डिंग पाइक आठेक फुटांचा, बहुतेक १९व्या शतकातला. सार्जंटचा स्पॉंटून, पात्याखाली आडवी दांडी असलेला, ब्रिटिश सैन्यात १८३०पर्यंत होता. ब्रिटिश हिंदुस्थानी घोडदळाचा नऊ फुटी बांबूचा भालाही या यादीत येतो. बांबूवर रंग चढवला तरी पेरं लपत नाहीत. १९४१च्या होमगार्डसाठी लोखंडी नळीला संगिनीचं पातं जोडून केलेले पाइकही आहेत. या सगळ्यांना स्वतःची किंमत आहे, फक्त ती १६४५ची नाही.

पैशाची बाजू थोडक्यात. फोनवर ‘अस्सल’, जाहिरातीत ‘१७वं शतक’, पण पावतीवर ‘१७व्या शतकाच्या स्टाइलचा पाइक’. त्या ‘स्टाइल’ने सगळं फिरवलं. पैसे थेट बँकेत गेले होते, विक्रेत्याने आपण धंदेवाला नसून खासगी माणूस असल्याचं आधीच लिहून ठेवलं होतं. ब्रिटनमध्ये धंदेवाल्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली, तर १९७४च्या कायद्याच्या कलम ७५ने बँकही जबाबदार असते. इथे दोन्ही दारं बंद. तेव्हा पैसे देण्यापूर्वी लेखी मागा: पात्याचं शतक, दांड्याचं शतक, वजन, दर फुटावरचा व्यास, आणि खोबणीच्या आतला, पट्ट्यांच्या टोकांचा, बुडाच्या कापाचा फोटो. अस्सल माल असलेला माणूस हे तासाभरात पाठवतो, वर आणखी दोन गोष्टी सांगतो.

या विक्रेत्याने शेवटी एकच ओळ पाठवली: पावती वाचा. महिनाभराने त्याच्याकडेच तसलंच पातं, तशाच १५ सेंटिमीटरच्या पट्ट्या, ‘१८व्या शतकाचा बोर्डिंग पाइक’ म्हणून विक्रीला लागल्या. अकरा फोटो होते. खोबणीच्या आतला एकही नव्हता.